समुद्राकडचा दोर

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं आणि त्यात दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. अंबाडी भिजवायची, वाख काढायचा, त्याला पीळ घालायचा, हाच गावाचा धंदा. विहिरीचा नाडा असो की बैलाचं दावं, सगळं इथूनच जाई.

मग खिंडीतून समुद्राकडचे व्यापारी येऊ लागले. त्यांचे दोर नारळाच्या काथ्याचे. पाण्यात कुजत नव्हते आणि वर स्वस्त. बघता बघता गावातल्या ओसऱ्या न खपलेल्या मालाने भरल्या. तरणी पोरं कामासाठी घर सोडून जाऊ लागली.

धुरपाबाई गावातली जाणती दोरवाली. ती गावाला घेऊन राजाकडे गेली.

"महाराज, खिंडीची वेस बंद करा. आमच्या चुली विझायला आल्या."

दरबारात एक शेतकरी उभा होता. तो उसळून म्हणाला, "आणि आम्ही महागाचा दोर घ्यायचा? आमच्या चुलीचं काय?"

राजाने दोघांचंही ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "वेस बंद करतो. पण बाई, कायमची नाही. तोवर सावरा."

गावात गूळ वाटला गेला. धुरपाबाईला मात्र तो गोड लागेना. तिने काथ्याचा एक दोर उसवून पाहिला होता. त्याचा पीळ घट्ट होता, पेड एकसारखे होते. ती दिराकडे गेली. गावाचं पुढारपण त्याच्याकडे होतं.

"भावजी, वेस उघडेल तेव्हा काय करायचं? आत्ताच काही शिकून घेऊ."

दीर हसला. "वहिनी, उगाच जिवाला घोर लावून घेता. आता आपल्याशिवाय दोर आहे कुणाकडे?"

ते खरंच होतं. म्हणून गावाने भाव वाढवला. मागणी वाढली तसा वाख कमी घातला, पीळ सैल सोडला. तरी माल खपत होता. धुरपाबाईचं बूड एका जागी टिकेना. हातातलं काम टाकून ती खिंडीपर्यंत जाई, बंद वेशीकडे बघत उभी राही आणि तशीच परत येई.

एके दिवशी एक विहीर खणणारा दोराला धरून खाली उतरत होता. दोर नवा होता. तो मध्येच तुटला. माणूस वाचला, पण त्याचा पाय कायमचा गेला. त्याच्या बायकोने तुटका दोर आणून चावडीत टाकला.

"तुमचाच ना हा?"

धुरपाबाईने दोर उचलला. बोट लावताच पीळ सुटला.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली आणि त्याने वेस उघडली. दीर धावत आला. "चला वहिनी, पुन्हा बंद करायला सांगू!"

"कोणत्या तोंडाने?" ती म्हणाली.

काथ्याच्या गाड्या आत येत होत्या. त्यांच्यातून वाट काढत धुरपाबाई बाहेर पडली. समुद्राकाठी ती परक्या बायकांच्या शेजारी बसली आणि उतारवयात नव्याने पीळ घालायला शिकली. तिथल्या गुरांच्या मानाही तिने पाहिल्या. खरखरीत काथ्याने त्या सोलवटल्या होत्या.

गावी परतून तिने अंबाडीची दावी वळली, मऊ आणि घट्ट. जे शिकायला बसले त्यांची दावी समुद्राकडे जाऊ लागली. नाडे मात्र तिकडूनच येत राहिले, आणि शेतकऱ्यांनी ते सुखाने घेतले.

सगळ्यांचं काही सावरलं नाही. कित्येक ओसऱ्या ओस पडल्या. दीर परगावी दगड फोडायला गेला. तो विहीर खणणारा कुबडी टेकत रस्त्याने जाताना दिसला, की धुरपाबाईचा हात थांबे. घातलेला पीळ ती पुन्हा चाचपून बघे.

बोध एवढाच: बंद वेस फक्त वेळ देते, त्या वेळात जो शिकतो, तोच ती उघडल्यावर तगतो.