पदरात बांधलेला उद्या

आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलात तर कान देऊन ऐका. तिथं कुणाच्या तोंडी 'उद्या' हा शब्द येत नाही. शिपाई म्हणत नाही, नर्स म्हणत नाही, कॉलेजातले मोठे प्राध्यापकही म्हणत नाहीत. आणि फाटकाशी बायका पदराला गाठ मारून आत जातात. आपल्या माणसाला औषधपाणी सुरू झालं की मगच ती सोडतात. हे का, असं आत विचारलंत तर कुणी सांगणार नाही. म्हणून बाहेरच्यांनीच सांगायचं.

दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. शहर म्हणजे तेव्हा चार गल्ल्या आणि एक बाजार. दवाखान्यासोबत डॉक्टर घडवणारं कॉलेज आलं, त्यामागून औषधांची दुकानं, खाणावळी, लॉज आले. कुणाचं दुखणं हटेना झालं की आसपासच्या जिल्ह्यांत लोक म्हणायचे, "मोठ्याला न्या." मोठा म्हणजे हाच.

असंच ठकूबाई कुंभारणीनं आपल्या नवऱ्याला, सोनबाला, बैलगाडीत घालून आणलं, असं सांगतात. सोनबाला धाप लागायची. चाक फिरवणं राहिलं बाजूला, घास गिळतानाही तो थांबायचा. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. असा आवाज पुस्तकात भेटतो, छातीत क्वचित. त्यांनी लगेच विद्यार्थ्यांना बोलावलं. एकामागून एक पोरांनी नळी लावली, माना डोलावल्या. एवढे डॉक्टर एकदम बघतायत म्हणजे धनी आता बरा होणारच, असं ठकूबाईला वाटलं. ती बिचारी प्रत्येकाला हात जोडत होती.

मग डॉक्टर म्हणाले, "बाई, उद्या या."

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी ऐकायला उभी होती. पुन्हा "उद्या या." तिसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले होते, त्यांनीही ऐकलं. औषध मात्र कुणी दिलं नाही. औषधानं आवाज गेला असता, मग शिकवायचं कशावर? अहो, माणूस होता तो, तबला नव्हे, की येईल त्यानं वाजवून बघावा!

त्यानंतर ठकूबाई आली ती एकटीच. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठंय?"

"त्यो गेला," ती म्हणाली. "पहाटंच. तुमचा उद्या काय त्याला गावला न्हाई."

डॉक्टर गडबडले. ठकूबाईनं भर वॉर्डात त्यांच्यापुढं पदर पसरला. "इतकं दिस मला उद्या देत आलासा न्हवं? द्या आता, सगळा द्या. ह्यो मी घिऊन चालले. पुन्यांदा कुणाला द्यायला तुमच्यापाशी ऱ्हानार न्हाई." आणि रिकाम्या पदराला कचकचून गाठ मारून ती फाटकाबाहेर पडली.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर पहिल्याच रोग्याला 'उद्या' म्हणायला गेले, तर जीभ टाळ्याला चिकटली म्हणे. घाम फुटला, पण शब्द फुटेना. शिपायाची तीच गत, कारकुनाची तीच. उद्या म्हणता येईना, म्हणून सगळं आजच करावं लागलं. आल्या माणसाला खाट, नाहीतर चटई. पण औषध त्याच दिवशी. दवाखान्याचं नाव झालं ते त्या काळात, आणि शहर पोसलं गेलं ते त्या नावावर. सोनबा वाचला होता, असं सांगणारेही आहेत. ते सगळे दवाखान्यात नोकरीला आहेत.

पण शिकल्यासवरल्यांची जीभ ती, किती दिवस अडून बसणार? ठकूबाईनं शब्द नेला, खोड काही तिला नेता आली नाही. नवरा गमावून त्या बाईनं जे मिळवलं, ते या लोकांनी असं वाया घालवलं, याचाच संताप येतो.

आजही त्या दवाखान्यात 'उद्या' ऐकू येत नाही. आणि आजही संध्याकाळच्या एस.टी.त बायका पदराची गाठ तशीच घेऊन चढतात, सोबत धापा टाकणारं त्यांचं माणूस असतं. तिकीट देता देता कंडक्टरची नजर गाठीवर जाते. "काय मावशी, आजबी न्हाई झालं व्हय?"

"न्हाई बाबा. परवाच्या आदल्या दिशी बोलावलंय."