न चढलेलं पाणी

कोल्हापुरात द्वारका पाटणकर नावाची एक बाई होती. एका चित्रपट स्टुडिओच्या कपडेपटात ती शिवणकाम करी. नट्यांची लुगडी टाचावीत, सरदारांचे अंगरखे शिवावेत, फाटलं की सांधावं, हे तिचं काम. हात मशीनवर असत आणि डोळे सगळीकडे. कोणता नट कशानं बिथरतो, कोणत्या प्रसंगाला कामगारसुद्धा डोळे पुसतात, हे ती पाहून ठेवी.

बारा वर्षांनी तिनं स्वतःचा चित्रपट काढला. लोक हसले. "सुई टाकून बाई आता सिनेमा काढायला निघाली!" पण सिनेमा चालला. दुसराही चालला. तिसरा तर वर्षभर जत्रांच्या तंबूंतून फिरत राहिला. द्वारकेची द्वारकाबाई झाली, आणि स्टुडिओत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले.

चौथ्या चित्रपटात वऱ्हाड नावेतून नदी पार करतं, असा प्रसंग होता. वारणेच्या काठी सगळे जमले. नावेत वीस बायका बसणार होत्या. जवळच्या खेड्यांतून आलेल्या, नटूनथटून खूश झालेल्या. त्यातल्या बहुतेकींना पोहता येत नव्हतं.

कॅमेरा लागला. तेवढ्यात बाळाप्पा नावाडी बाईंजवळ आला.

"बाई, आज नाव नगा सोडू. पाण्याचा रंग बदललाय. वर कुठंतरी लई पाऊस झालाय. दुपारपतूर नदी चढंल."

दिग्दर्शक दिनकरराव वैतागले. "नदी तर शांत आहे! नायक उद्या मद्रासला जाणार. पुन्हा वर्षभर मिळायचा नाही. बाई, याच्या डोळ्यांवर आपण सिनेमा काढायचा का?"

बाईंनी नदीकडे पाहिलं. त्यांना तिच्यात काहीच वेगळं दिसेना. मग त्यांनी बाळाप्पाला विचारलं, "नक्की?"

"नक्की कसं सांगू? पर माझी लेक मी आज नावंत बसवणार न्हाई."

"मग या बायकांनाही नको," बाई म्हणाल्या. "काम थांबवा."

सगळे काठावर बसून राहिले. दुपार झाली. नदी चढली नाही. पलीकडे कुणी म्हशी धूत होतं. ऊन कलायला लागलं तरी पाणी होतं तिथंच होतं. नायक घड्याळ बघून उठला आणि गाडीत बसून निघून गेला. पाणी थोडं तरी चढावं, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी बाळाप्पा मान खाली घालून समोर उभा राहिला. "बाई, माझं चुकलं. तुमचं लई नुकसान केलं मी."

सगळ्यांचे कान तिकडे लागले. दिनकरराव तर वाटच बघत होते.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही सांगितलं. काम थांबवलं मी. पुन्हा कधी असं वाटलं, तर पुन्हा येऊन सांगा."

बाळाप्पानं हात जोडले.

तो प्रसंग शेवटी नायकाशिवायच, उन्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात घ्यावा लागला. पडद्यावर तो अगदीच मिळमिळीत दिसला. चित्रपट तीन आठवड्यांत उतरला. एका वर्तमानपत्रानं 'पाण्याला भ्यालेली निर्माती' असा मथळा दिला. बाईंनी तो वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि पुढच्या कथेला हात घातला. दिनकररावांनाच त्यांनी पुन्हा बोलावलं. ते आले, पण नावाड्याचा विषय निघाला की अजून नापसंतीनं मान हलवत.

दोन वर्षं गेली. नव्या चित्रपटात घराला आग लागते, असा प्रसंग होता. स्टुडिओच्या आवारात लाकडाचं घर उभारलं होतं. पुढून आग लागायची आणि नायिकेनं लहान मुलीला कडेवर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायचं, असं ठरलं होतं. भिंतींवर रॉकेल शिंपडून झालं. नायिका मुलीला घेऊन आत गेली. पलिता पेटला. तेवढ्यात गर्दीतून भैरू सुतार ओरडत पुढे आला.

"थांबा! थांबवा! मागचं दार उघडणार न्हाई!"

सगळे जागच्या जागी थबकले. भैरूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रंग देताना दार हलू नये म्हणून मी बाहेरून खिळा ठोकला व्हता. काढायचा राहिला. आत्ता आठवलं. माझी चूक हाय, बाई."

दिनकरराव धावत मागं गेले. त्यांनी दार ओढून पाहिलं. दार तसूभरही हललं नाही. ते तिथंच पायरीवर बसले. नायिकेला आणि मुलीला पुढून बाहेर आणलं, तेव्हा मुलगी विचारत होती, "झालं का आमचं काम?"

खिळा काढल्यावर बाईंनी भैरूला जवळ बोलावलं. "एवढ्या लोकांसमोर स्वतःची चूक सांगितलीस. भीती नाही वाटली?"

"वाटली की. नोकरी जाईल वाटलं." भैरूनं डोळे पुसले. "पर त्या दिशी मी नदीवर होतो, बाई. पाणी चढलं न्हाई, तरी तुम्ही बाळाप्पाला वाकडा शब्द बोलला न्हाईसा. ते आठवलं आन् तोंड उघडलं."

बाईंनी भैरूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा, पाणी पी. मग काम सुरू करू."

दिनकररावांनी मात्र काम लगेच सुरू करू दिलं नाही. आधी ते स्वतः त्या घरात शिरले आणि मागचं दार आतून तीनदा उघडून बाहेर आले.

तात्पर्य: धोका सांगणाऱ्याचा अंदाज चुकला तरी जो त्याचा मान ठेवतो, त्याच्यापासून लोक खरा धोका लपवत नाहीत.