बस्त्यावशेठचा घंटेचा मान

आमच्या वसईकडच्या जुन्या चर्चच्या सणाची मिरवणूक जाते बस्त्यावशेठच्या वाडीतून, त्यामुळे शेठचा रुबाब फादरपेक्षा मोठा. यंदा ऐन सणाला ते वाडीच्या फाटकाला कुलूप घालून आले. म्हणाले, "मी चर्चात शिरताना घंटा वाजली पाहिजे, नाहीतर मिरवणूक विसरा."

फादर घामाघूम झाले. आम्ही शूर मंडळी आपापल्या चपला बघत राहिलो. घंटा वाजवणाऱ्या नातालमावशीने मात्र हसत दोरी धरली.

"वाजवते की, शेठ. पण एकट्या माणसासाठी आपल्याकडे घंटा वाजते ती तो मेल्यावर. ऐकली की पोरं लगेच कबर खणायला घेतात. तेवढं तुमचं माप देऊन ठेवा."

शेठ किल्ली घेऊन फाटक उघडायला असे पळाले, की बँडवाल्यांनी त्यांच्याच पावलांवर ताल धरला.