निरंजनने पुसलेला जयंत

"पुसलेलं परत येत असेल बाबा, तर त्याला पुसणं म्हणायचं कशाला?"

निरंजन कारखानीसने हा प्रश्न विचारला खरा. पण उत्तर त्याच्या खिशात तयारच होतं. कॉम्प्युटरमधल्या फाइली कायमच्या नाहीशा करणारं सॉफ्टवेअर त्याने बनवलं होतं. त्याला बाबांचा आशीर्वाद हवा, असं सांगून तो टेकडीवरच्या मठात आला होता.

शंकरगिरीबाबा धुनीजवळ बसून मेथी निवडत होते.

"तुझं यंत्र कसं पुसतं?"

"साधं डिलीट केलं ना, की फक्त नाव जातं. मजकूर आत तसाच. माझं सॉफ्टवेअर त्या मजकुरावर काहीबाही लिहितं. मग त्याच्यावर आणखी वेगळं. खालचं ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही!"

"अस्सं! पुसायचं तर लिहायचं..." बाबांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आणि तू काय काय पुसलंस?"

निरंजनचा चेहरा उतरला.

"जयंत पाध्येला. माझा भागीदार. भांडून गेला, माझीच गिऱ्हाइकं पळवून स्वतःची कंपनी काढली. त्याची पत्रं पुसली, फोटो पुसले. माझ्या लग्नाचे सगळेसुद्धा."

"लग्नाचे का रे?"

"प्रत्येक फोटोत मेला माझ्या शेजारी उभा!"

"दुसऱ्या बाजूला बायको असेल की."

"...होती."

"ती काय म्हणाली?"

"माहेरी गेलीय."

बाबांना खोकला आला. खोकलाच असावा.

"मग आता सगळं निवांत?"

"कुठलं, बाबा! तो कसा हसायचा, माझ्या डब्यातली भाजी कशी न विचारता उचलायचा, जाताना कुठला शर्ट घातला होता... सगळं डोळ्यांपुढे! फाइली गेल्या, हा जात नाही."

आपण आशीर्वादासाठी आलोच नव्हतो, हे निरंजनला बोलता बोलता कळलं.

बाबांनी धुनीतली थंड राख मूठभर घेऊन फरशीवर पसरली.

"जयंता आठवला की मनात काय म्हणतोस?"

"चोर."

"लिही."

निरंजनने राखेत बोटाने लिहिलं.

"पुन्हा आठवला तर?"

"चोरच!"

"त्याच्यावरच लिही. अक्षरावर अक्षर ठेव."

त्याने लिहिलं. पुन्हा लिहिलं. मग बाबांनी सांगायचीही गरज उरली नाही. रागाच्या भरात बोट चालतच राहिलं, राख दोन्ही बाजूंना सरली, खाली फरशी दिसू लागली. बोटाची आग झाली तेव्हा कुठे तो थांबला.

"वाचता येतंय?"

"येतंय... पहिल्यापेक्षा ठळक."

बाबांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"अरे बाळा, आमच्या शाळेत ह्याला गिरवणं म्हणत."