गाळलेलं नाव

मंगळवारी पहाटे पावणेसहाला पोलिसांनी अंकुशला अंथरुणातून उठवून नेलं.

बुधवारी सकाळी त्याची बायको द्वारका गावाबाहेरच्या तकियावर, रहमूशा फकिराच्या मठीपाशी आली. कडेवर तान्ही मुलगी. अकरा वाजता तालुक्याला वकिलाची पहिली भेट होती. वकिलाचा आपल्यावर विश्वास बसावा म्हणून तिला ताईत हवा होता.

"वकिलाला सांगणार काय?" फकिरानं विचारलं.

तिनं सगळं पाठ केलं होतं, शाळेत कविता पाठ करायची तसं. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही, असं ती जरा ऐटीतच म्हणाली. मग एका दमात म्हणून दाखवलं. सोमवारी बाजारात चहाच्या टपरीपाशी भांडण झालं. पोपटच्या डोक्यात लोखंडी गज बसला. तो अजून शुद्धीवर नाही. अंकुश सोडवायला मध्ये पडला आणि नाव त्याचंच आलं.

"भांडण कोणाचं?"

"पोपटचं."

"आणि?"

"...आणि लोक होते."

"पोपट एकटाच भांडत होता म्हण की."

द्वारकानं मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली.

एवढ्यात पोर रडायला लागली. कालपासून ती अंगावर पीत नव्हती, किरकिर करत होती. बाबांनी फुंकर घालावी, असं द्वारका म्हणाली.

फकिरानं आत जाऊन मीठ-मोहरी आणली आणि तिच्याच हातावर ठेवली. आईला येतं ते फकिरानं कशाला करायचं, असं काहीतरी पुटपुटला.

ती दृष्ट काढू लागली. मूठ लेकराच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवत होती आणि नावं घेत होती. आल्यागेल्याची, शेजारणीची, सासूची, जावेची, बापाची, आईची...

"थांब," फकीर म्हणाला. "आईची म्हणजे कोणाची?"

"माझीच."

"तुझी कशी लागेल? तुझीच ना पोर?"

"आपल्या माणसाचीच आधी लागते, बाबा. कोणाची लागली ते कुठं कळतंय? सगळ्यांचीच नावं घ्यायची. एक गाळलं तरी उतरत नाही."

"असं आहे होय..."

ती समोर पेटलेल्या धुनीकडे वळली. मूठ निखाऱ्यांवर धरली. फकिरानं तिचं मनगट धरलं.

"तिथं कोण कोण होतं?"

तिनं मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"पोपट होता. तुझा नवरा होता."

"बाबा, काल आईचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, जावई काय, चार दिवसांनी सुटेल. आणि वकिलाच्या कानावर गेलं म्हणजे पोलिसांच्या गेलंच."

"वकील कोणाचा?"

"आमचा."

"मग पोलिसांना कोण सांगणार?"

धुनीत एक लाकूड तडतडलं. पोर रडायची थांबली आणि निखाऱ्यांकडे बघू लागली.

"...माझा भाऊ होता," द्वारका म्हणाली. "दिगंबर. गज त्याच्या हातात होता. यांनी तो हिसकावून घेतला, तेवढ्यात लोक जमले. लोकांनी गज यांच्या हातात बघितला."

फकिरानं मनगट सोडलं. तिची मूठ उघडली. मोहरी तडतडली, धूर झाला.

ताईत त्यानं दिला नाही. तिनंही पुन्हा मागितला नाही. पदर सारखा करून ती निघाली. फाटकापाशी गेल्यावर त्यानं हाक मारली.

"बेटी, आईला फोन लाव. दिगंबरला निरोप दे म्हणावं, आज अकरा वाजता वकिलासमोर बहीण तुझं नाव घेणार आहे. यायचं असलं तर ये."

"तो पळून जाईल, बाबा."

"पळू दे. पण त्याच्या पाठीमागून नाव घेऊ नको. निरोप तेवढा पोचव."