पुसाईमाता आणि तडा गेलेली घंटा

ऐक गं पुसाईमाते, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. एकमेकींची लुगडी मागाहून बघा.

आटपाट म्हणावं असं एक नगर. तिथं भानजी नावाचा ओतारी होता. कांसं वितळवी, साच्यात ओती, घंटा करी. घरात त्याची म्हातारी आई, बायको मैना, आणि एकुलती लेक चंद्री.

राजानं देवळासाठी मोठी घंटा करायला सांगितली. भानजीनं ओतली. साचा उघडला, तर घंटेला तडा. मग दुसरी ओतली. साचा उघडला, तर तिलाही तडा. मग राजा संतापला. म्हणाला, "तिसरी फुटली तर नगर सोडायचं. बायकापोरांसकट."

भानजी घरी आला. आई पुसते, "काय रे म्हणाला राजा?"

"कुठं काय."

मग मैना पाणवठ्यावर गेली. तिथं सगळं तिच्या कानी आलं. रडत रडत घरी आली. सासू पुसते, "डोळे का गं लाल?"

"कुठं काय, आत्याबाई. चुलीचा धूर गेला."

सासूनं चुलीकडं पाहिलं. चूल थंडगार होती. पण तीही गप्प बसली. मग चंद्री आजीच्या मांडीला येऊन टेकली. "आजी गं, आपल्या घरात काय झालंय?"

"कुठं काय. तू आपली जेव."

मग चंद्री जेवेना. भाकरी ताटात, हात मांडीवर. दातांवर दात घट्ट. फणी फिरवावी तर केसांचा पुंजका निघे. आई पुसे, "काय होतंय गं तुला?" पोर मान हलवी आणि दातांतल्या दातांत म्हणे, "कुठं काय." शिकली कुठं म्हणता? घरातच शिकली.

मग वैद्य आला, काढा दिला. पोरीनं तोंड उघडलं नाही. मग शेजारणीनं मीठमोहऱ्या उतरवल्या. त्या तडतडल्या, पोर होती तशीच. मग बापानं धपाटा घातला. भेदरल्या लेकराला धपाटा हे औषध कुणी शोधून काढलं कोण जाणे, पण घरोघर असतं. त्यानंही गुण आला नाही.

एके दिवशी दारात एक म्हातारी आली. डोईवर टोपली. "सुया घ्या, दाभण घ्या, बिबे घ्या!" ती होती पुसाईमाता. पुसते म्हणून पुसाई, डोळे पुसते म्हणूनही पुसाई. पण हे घरात कुणाला ठाऊक?

तिनं भानजीला पुसलं, "काय झालं रे बाबा?" "कुठं काय." आजीला पुसलं, "काय झालं गं बाई?" "कुठं काय." मैनेला पुसलं, "लेकी, काय झालं?" "कुठं काय."

म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई बाई बाई! या घरात इतकं 'कुठं काय' साठलंय, की मला टोपली टेकवायला जागा नाही!"

मैना हसायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. तिनं पाय धरले. "आई आई, काहीतरी वसा सांग. माझी पोर हातची चालली."

"वसा घेशील, चार दिवसांत कंटाळशील."

"कंटाळायची नाही, विसरायची नाही, अर्ध्यात सोडायची नाही."

"मग ऐक. बुधवारी दिवेलागणीला पाट मांडावा. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवावा. फूल नसलं तरी चालेल, नारळ नसला तरी चालेल, घरचं माणूस मात्र एक कमी नको. मनात जे सलतं, ते तांब्यावर हात ठेवून सांगावं. थोरानं आधी, धाकट्यानं मागून. सांगणाऱ्यानं 'कुठं काय' म्हणू नये. ऐकणाऱ्यानं 'एवढंच ना' म्हणू नये. मग ते पाणी सगळ्यांनी मिळून तुळशीला घालावं."

बुधवार आला. पाट मांडला, तांब्या ठेवला. आणि काय केलं शहाण्यांनी? चंद्रीला पुढं बसवलं! आजी म्हणते, "बोल गं बाय." आई म्हणते, "बोल ना." बाप म्हणतो, "बोल की आता!" चंद्रीचे डोळे भरले. कशीबशी म्हणाली, "मला भ्या वाटतं."

भानजी म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच ना?"

झालं. पोरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला सडकून ताप भरला.

सकाळ होताच मैना धावत सुटली. म्हातारीला गल्लोगल्ली शोधलं. ती एका ओट्यावर सुया निवडत बसली होती.

"आई, वसा फळला नाही."

"पहिलं कोण बोललं?"

"पोर."

"मी काय सांगितलं होतं?"

मैनेनं मान खाली घातली.

"अगं, जिचा जीव सगळ्यांत लहान, तिलाच ओझं घेऊन पुढं चाल म्हणता? जा. आज पुन्हा बसा. वाराची वाट बघू नका. मी काही रुसून बसणारी देवी नव्हे." पण मैनेला ते शेवटलं ऐकूच आलं नाही, ती केव्हाच घराकडं निघाली होती.

संध्याकाळी पुन्हा पाट मांडला. चंद्रीला पांघरुणात गुंडाळून जवळ घेतलं. या वेळी आजीनं आधी हात ठेवला. "भानजी, तू झालास तेव्हा देवीला चोळी-पातळ बोलले होते रे. ते राहून गेलं. घंटा त्यानं फुटली. माझ्यामुळं."

'एवढंच ना' सगळ्यांच्या जिभेवर आलं. सगळ्यांनी गिळलं.

मग भानजीनं हात ठेवला. "तिसरी फुटली तर राजा आपल्याला नगराबाहेर काढणार. म्हणून दोन शब्द धड बोलत नव्हतो. मला भीती वाटते, आई."

मग मैनेनं हात ठेवला. "मी बाहेरची बसले होते. गोवऱ्या आणायला गेले, तर पदर साच्याला लागला. मीच फोडली घंटा."

मग चंद्रीचा बारका हात पांघरुणातून बाहेर आला. तांब्यावर टेकला.

"बाबा, घंटा मी फोडली."

"तू? ती कशी गं?"

"तुम्ही मला जत्रेला नेलं नाही. मी साच्यापाशी जाऊन म्हटलं, फुटो मेली. ती फुटली. दुसऱ्यांदा म्हटलंसुद्धा नाही, नुसतं मनात आलं, तरी फुटली. आता तोंड उघडलं तर शब्द बाहेर पडेल. तिसरी फुटेल. म्हणून मी जेवत नाही."

भानजीनं लेकीला मांडीवर ओढली. "केवढं मोठं गं हे! आणि तू एकटीनं उचललंस?"

मग तो डोळे पुसून म्हणाला, "ऐका आता. कांशाला ना पदर कळतो, ना नवस, ना पोरीचा राग. घंटा मी फोडली. कशी झाली, राजा काय म्हणेल, म्हणून जीव राहीना. निवायच्या आधीच साचा उघडला, दोन्ही वेळा."

आजी म्हणाली, "मग निवू दे की मेल्या!"

सगळी हसली. किती दिवसांनी हसली. चंद्री हसली, पण ओठ मिटूनच. पाणी तुळशीला घातलं. पोरीचा ताप उतरला, पेजेचे दोन घोट दातांच्या फटीतून गेले. भाकरीला मात्र तिनं हात लावला नाही. तिसरी घंटा अजून व्हायची होती.

मग भानजीनं तिसरी घंटा ओतली. राजाचा शिपाई आला. "उघड." "निवली नाही." मग कारभारी आला. "उघड." "निवली नाही." मग खुद्द राजा आला. "उघडत का नाहीस? काय झालं?"

भानजीच्या ओठांवर जुनं उत्तर आलं. त्यानं चंद्रीकडं पाहिलं. म्हणाला, "महाराज, मला तुमची भीती वाटते. भीतीनं घाई केली, दोन घंटा गेल्या. तिसरी निवल्याशिवाय उघडणार नाही. मग काय शिक्षा करायची ती करा."

राजा ओट्यावर बसला. हळूच म्हणाला, "शेजारचा राजा चालून येणार आहे. देवळासाठी म्हटलं, पण घंटा हवी ती नगराला सावध करायला. मला झोप नाही रे. राणीलासुद्धा बोललो नाही." आजीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "बोला, महाराज. इथं कुणी 'एवढंच ना' म्हणायचं नाही."

राजा बोलला. बोलता बोलता साचा निवला.

भानजीनं साच्याची माती फोडली. घंटा वर ओढून टांगली. चंद्री आईच्या पदराआड उभी, दातांवर दात. बापानं टोला दिला. असा नाद उठला, की झाडावरची पाखरं उडाली. नाद घुमत राहिला, घुमत राहिला. तडा नाही, चीर नाही.

नाद विरला. मग चंद्रीनं भलंमोठं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आई, भाकरी!"

मैना धावली. एक भाकरी झाली, दुसरी झाली, तिसरीला राजाही बसला.

शेजारचा राजा आला की नाही, ते दुसऱ्या कहाणीत. भीती काही नगरातून गेली नाही. पण ओताऱ्याच्या घरात ती कुणी एकट्यानं बाळगली नाही.

पुसाईमाते, चंद्रीचे दात जसे सोडवलेस, तसे आमच्या लेकरांचे सोडव. भानजीला जसं बोलतं केलंस, तसं आमच्या घरच्या घुम्यांना बोलतं कर. ऐकणारीला फळ मिळो, सांगणारीला फळ मिळो, त्या कोपऱ्यात झोपी गेलीय तिलाही मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरांत आटोपली, घरोघर सुफळ होवो.