पंचवीस वह्या, पंचवीस उत्तरं

आमच्या विद्यापीठाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा नेवगीबाई सांभाळत. मी तिथं नुकताच शिकवायला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. तपासणीला डॉ. हर्डीकर आले. नावामागे पदव्यांची रांग आणि आवाजात हुकूम. लोलकाच्या प्रयोगाच्या वह्या चाळता चाळता त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“बाई, गुरुत्वत्वरण नऊ पॉइंट आठ, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. तुमच्या पंचवीस वह्यांत पंचवीस उत्तरं! काल ज्या कॉलेजात गेलो, तिथं सगळ्यांचं उत्तर एकच, नऊ पॉइंट आठ. ही प्रयोगशाळा बंद करा, असं मी लिहून देणार.”

बाईंनी स्टॉपवॉच त्यांच्या हातात ठेवलं.

“सर, तुम्हीच तीनदा मोजून बघा ना.”

साहेबांनी ऐटीत लोलक सोडला, वीस आंदोलनं मोजली, गणित मांडलं. उत्तर आलं नऊ पॉइंट सात. दुसऱ्यांदा नऊ पॉइंट नऊ. तिसऱ्यांदा तर थेट दहा!

“लोलक तोच, हात तोच, तरी उत्तरं तीन,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मग सर, त्या कॉलेजातल्या पोरांनी लोलक मोजला, की शेजारच्याची वही उतरवली?”

लोलक अजून हलतच होता. बाईंच्या पाया पडावंसं वाटलं मला.

साहेबांनी अहवालाचा कागद उलटा केला, त्यावर आपली तिन्ही उत्तरं लिहिली आणि हळूच विचारलं, “बाई, अजून एक रीडिंग घेऊ का?”